चित्राचे मुद्दल

पंचवीस-तीस चित्रकार एकेक चित्र देतात, 'विक्रीचे उत्पन्न गरजू मुलांच्या शिक्षणासाठी' असे निमंत्रणपत्रिकेवर छापले जाते, उद्घाटनाला मान्यवर येतात, काही चित्रांखाली लाल टिकल्या लागतात आणि आठवड्याने प्रदर्शन उतरले की जमलेल्या रकमेचा धनादेश एखाद्या संस्थेच्या हाती पडतो. आपल्या शहरांत हा प्रघात चांगला रुजला आहे आणि त्यामागचा भाव निर्मळ असतो, याबद्दल मला शंका नाही. अडचण त्यानंतर सुरू होते. बारावीनंतर कलेची पदवी घ्यायला चार वर्षे लागतात. पहिलीतल्या मुलीला दहावीपर्यंत न्यायचे तर दहा. प्रदर्शन मात्र आठ दिवसांत आटोपते. या वर्षी ज्यांची फी भरली गेली त्यांची पुढच्या वर्षी कोण भरणार, याचे उत्तर बहुतेक वेळा कोणाकडेच नसते. चित्रकारांच्या दानाकडे आपण पाहतो ते त्या एका संध्याकाळी किती लाख जमले या हिशेबाने, आणि तिथेच आपली गफलत होते. जिथे जिथे अशा दानाने मुलांचे शिक्षण खरोखर पुढे नेले, तिथे चित्र हे खर्चून टाकायचे धन मानले गेले नाही. ते मुद्दल म्हणून जपले गेले आणि त्याच्या व्याजावर काम चालले. हे व्याज दर वेळी पैशांचेच होते असेही नाही.

याचा सर्वांत जुना आणि ठसठशीत दाखला लंडनमध्ये सापडतो. रस्त्यावर टाकून दिलेल्या बालकांसाठी काहीतरी करायला हवे म्हणून थॉमस कोरम नावाचा एक खलाशी कित्येक वर्षे दारोदार हिंडत होता. अखेर १७३९ साली त्याला राजसनद मिळाली आणि 'फाउंडलिंग हॉस्पिटल' ही संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी चित्रकार विल्यम हॉगार्थने कोरमचे भव्य व्यक्तिचित्र रंगवून संस्थेला भेट दिले. आपण सर्वाधिक आनंदाने रंगवलेले व्यक्तिचित्र हेच, असे हॉगार्थने पुढे लिहून ठेवले. पाठोपाठ फ्रान्सिस हेमन, जोसेफ हायमोर यांनी संस्थेच्या सभादालनासाठी बायबलमधले प्रसंग रंगवून दिले. नुकतीच विशी ओलांडलेल्या थॉमस गेन्सबरोने एक छोटे गोल निसर्गचित्र दिले. ही चित्रे विकली गेली नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ती भिंतीवर लागली आणि ती पाहायला लंडनमधले श्रीमंत लोक लोटले, कारण त्या काळी सामान्य प्रेक्षकाला समकालीन चित्रे पाहायला दुसरी जागा जवळजवळ नव्हतीच. आलेला माणूस मुलांनाही पाहत असे आणि देणगी देऊन जात असे. १७५० साली हॉगार्थने आपल्या एका मोठ्या चित्राची सोडत काढली. न खपलेली १६७ तिकिटे त्याने संस्थेला देऊन टाकली आणि सोडत नेमकी त्यांतल्याच एका तिकिटाला लागली. तेही चित्र संस्थेच्या भिंतीवर गेले. मुलांना ठेवून घेण्याचे काम विसाव्या शतकाच्या मध्यात थांबले, पण कोरमच्या नावाची संस्था आजही मुलांसाठी काम करते आणि ती चित्रे आजही तिकीट काढून पाहिली जातात. हाती येताच ती विकली असती, तर काही महिन्यांचा दूध-भाकरीचा खर्च भागला असता.

त्या मुलांना मिळालेले शिक्षण फार वरच्या दर्जाचे नव्हते, हे मान्यच करायला हवे. वाचता येईल इतकी अक्षरओळख, मग मुलींना घरकाम आणि मुलांना जहाजावर किंवा एखाद्या कारागिराकडे उमेदवारी, एवढीच त्या काळाची झेप होती. पण तिथे भरलेल्या चित्रांमुळे चित्रकारांना एक गोष्ट उमगली: एकत्र येऊन चित्रे मांडली तर लोक पैसे मोजून पाहायला येतात. त्या जाणिवेतून पुढे १७६८ साली रॉयल अकादमी स्थापन झाली. अकादमीने वार्षिक प्रदर्शन सुरू केले आणि त्याच्या उत्पन्नावर आपली कलाशाळा चालवली. त्या शाळेत विद्यार्थ्यांकडून फी घेतली जात नव्हती. केशकर्तन करणाऱ्याचा मुलगा टर्नर तिथे शिकला, होजियरीच्या दुकानदाराचा मुलगा विल्यम ब्लेक तिथे शिकला. हे वार्षिक प्रदर्शन १७६९ पासून आजवर एकदाही चुकलेले नाही, विक्रीतला वाटा आजही अकादमीकडे जातो आणि शाळा आजही विनाशुल्क आहे. अडीचशे वर्षांत कितीतरी चित्रकारांनी आपला थोडा थोडा वाटा सोडला आणि त्यांतल्या कोणालाही त्यासाठी घरावर तुळशीपत्र ठेवावे लागले नाही. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो.

चित्र हातचे न सोडता दान कसे करता येते, हे मुंबईत जन्मलेल्या एका संस्थेने दाखवले. एअर इंडियात पर्सर असलेले रिपन कपूर आणि त्यांचे सहा मित्र यांनी १९७९ साली ५० रुपयांच्या भांडवलावर 'क्राय' सुरू केली. वंचित मुलांचे शिक्षण आणि आरोग्य हे तिचे क्षेत्र. क्रायची शुभेच्छापत्रे ज्यांनी दिवाळीला आणि नववर्षाला पाठवली किंवा मिळवली, असे कितीतरी मराठी वाचक असतील. त्या पत्रांवर चित्रकारांची चित्रे असत. चित्रकार मूळ चित्र स्वतःकडे ठेवून फक्त ते छापण्याची परवानगी देत असे. एका कॅनव्हासचा ग्राहक एकच असतो, छापील पत्राचे हजारो असू शकतात, आणि त्यांतला प्रत्येक जण आपल्या ऐपतीप्रमाणे चार-पाच पत्रे घेऊन मुलांच्या शाळेला हातभार लावतो. मोबाइलने शुभेच्छापत्रांचा व्यवहार जवळजवळ संपवला हे खरे, पण दिनदर्शिका, वह्यांची मुखपृष्ठे, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, कापडी पिशव्या यांवर हीच रीत चालू शकते. छापण्याच्या हक्काचे दान ही चित्रकाराला सर्वांत कमी जड जाणारी आणि सर्वांत दीर्घकाळ चालणारी वाट आहे. तरी आपल्याकडचे आयोजक दर वेळी मूळ चित्रच का मागतात, हे मला कोडेच आहे.

दुसरी वाट दर वर्षी नव्याने भरवायच्या मेळ्याची. शांतिनिकेतनच्या कलाभवनात १९७३ पासून 'नंदन मेळा' भरतो. आचार्य नंदलाल बोस यांचा जन्मदिवस ३ डिसेंबरचा. त्याआधीचे दोन दिवस, १ आणि २ डिसेंबर, हे मेळ्याचे दिवस. शिक्षक, आजी-माजी विद्यार्थी हाताने केलेल्या वस्तू, छापचित्रे, मातीकाम, रेखाटने मांडतात, किमती मुद्दाम परवडतील अशा ठेवतात आणि मिळकत विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत जाते. ज्यांचे एरवीचे काम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असते अशा गुरुजनांच्या हातची एखादी छोटी वस्तू इथे शाळामास्तरालाही घेता येते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टने १९९४ पासून याच विचाराला वेगळे वळण दिले. नामवंत कलावंत आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चित्र काढून देतात. सही मागच्या बाजूला असते, किंमत सर्वांची एकच आणि कार्ड विकत घेईपर्यंत ते कोणाचे आहे हे घेणाऱ्याला सांगितले जात नाही. डेव्हिड हॉकनीसारख्यांची कार्डे अशी अनोळखी विद्यार्थ्यांच्या कार्डांशेजारी लागलेली आहेत. लोक आदल्या रात्रीपासून रांगा लावत. विद्यार्थ्यांच्या निधीत या उपक्रमातून १० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमा झाली. इथे प्रत्येक कलावंताने दिले ते एखाद्या दिवसाचे काम. ते पुढच्या वर्षी पुन्हा द्यायला जड जात नाही, म्हणूनच निधी आटत नाही.

सय्यद हैदर रझा यांची गोष्ट यापुढची, आणि तिच्यात आपल्या मातीचा मोठा वाटा आहे. मध्य प्रदेशातल्या बाबरिया गावी १९२२ साली जन्मलेला हा मुलगा चित्रकला शिकला नागपुरात आणि मग मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत. ही शाळा १८५७ साली उभी राहिली तीच मुळी जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीवर. मुंबईत रझांनी पोटासाठी ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी केली. १९५० साली फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा ते पॅरिसला जाऊ शकले. पुढे त्यांच्या चित्रांना मोठी किंमत येऊ लागली, तेव्हा त्यांनी २००१ साली दिल्लीत रझा फाउंडेशन स्थापन केले आणि आपली कमाई त्यात ओतली. तरुण चित्रकार, कवी, गायक, नर्तक यांना ही संस्था मदत करते, आणि रझा २०१६ साली गेल्यानंतरही ती बंद पडलेली नाही. रझांचे 'सौराष्ट्र' २०१० साली लंडनच्या लिलावात १६ कोटी ४२ लाखांना गेले. 'गेस्टेशन' २०२३ साली मुंबईत ५१ कोटी ७५ लाखांना गेले. हे पैसे त्या त्या चित्राच्या मालकांचे. पण या वाढत्या भावाबरोबर, चित्रकाराने संस्थेसाठी राखलेल्या कामाचेही मोल वाढत जाते. एखादे चित्र पहिल्याच वर्षी मिळेल त्या किमतीला विकून टाकणे म्हणजे बियाण्याचे जोंधळे दळायला काढण्यासारखे आहे.

आता या सगळ्यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप, आणि तो अगदी रास्त आहे. चित्रकारच का? डॉक्टरांना, वकिलांना, कंत्राटदारांना कोणी वर्षातून पाच वेळा फोन करून फुकट काम मागत नाही. चित्रकाराला मात्र 'तुमचे काय, एक चित्र तर द्यायचे' असे सहज म्हटले जाते. महिनाभराची मेहनत, कॅनव्हास, तैलरंग, चौकट, वाहतूक हा खर्च मागणाऱ्याच्या ध्यानीमनी नसतो. कोटींची उड्डाणे घेणारी नावे बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे चित्रकार शाळेत कलाशिक्षक म्हणून, नाहीतर जाहिरातीची किरकोळ कामे करून संसार चालवतात आणि उरल्या वेळात रंगवतात. अशा माणसाने मुलांच्या शिक्षणासाठी चित्र द्यावे आणि त्याच्याच मुलीची फी थकलेली असावी, ही शोभणारी गोष्ट नाही. यावर उत्तर म्हणून दान थांबवायची गरज नाही, मागण्याची पद्धत बदलायला हवी. विक्रीतला निम्मा किंवा दोन तृतीयांश वाटा चित्रकाराचा, उरलेला निधीचा, असे आधीच ठरवता येते. रॉयल अकादमीचा अनुभव हेच सांगतो की, वाटा छोटा असला तरी सातत्य असेल तर शाळा चालते. चौकटीचा आणि वाहतुकीचा खर्च आयोजकाने उचलावा, आणि ज्यांचे नाव अजून झालेले नाही त्यांच्याकडे पूर्ण चित्र मागूच नये.

कायदाही चित्रकाराच्या बाजूने नाही. आयकर कायद्याच्या ज्या ८०-जी कलमाखाली देणगीवर सवलत मिळत आली, ती फक्त पैशाच्या रूपातल्या देणगीला. वस्तूच्या रूपात दिलेल्या देणगीला नाही. म्हणजे उद्योगपतीने संस्थेला लाखाचा धनादेश दिला तर त्याला सवलत मागता येते, आणि चित्रकाराने लाखाचे चित्र दिले तर त्याच्या पदरी करापुरते तरी काहीच पडत नाही. याचा परिणाम काय होतो, हे अमेरिकेत स्वच्छ दिसले. १९६९ पर्यंत तिथे कलावंताने स्वतःची कृती संग्रहालयाला दिली तर बाजारभावाइतकी वजावट मिळे. त्या वर्षी कायदा बदलला आणि कलावंताला केवळ रंग-कॅनव्हासच्या खर्चाएवढीच वजावट उरली. तेच चित्र विकत घेऊन दान करणाऱ्या संग्राहकाची सवलत मात्र कायम राहिली. त्यानंतर कलावंतांकडून संग्रहालयांना आणि ग्रंथालयांना येणारी दाने झपाट्याने घटली. आपली हस्तलिखिते वर्षानुवर्षे लायब्ररी ऑफ काँग्रेसला देणारा संगीतकार स्ट्राविन्स्कीही थांबला. कलावंत एकाएकी कंजूष झाले असे कोणी म्हणणार नाही. आपल्याकडे नियम बदलेपर्यंत, चित्र आधी चित्रकाराच्या नावे रीतसर विकून त्यातली रक्कम देणगी म्हणून जमा करणे हा सरळ मार्ग उरतो, आणि आयोजकांनी तो चित्रकारांना समजावून सांगितला पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे. चित्रे विकून शाळा चालवायची वेळ यावी हेच मुळात चूक. मी याच्याशी पूर्ण सहमत आहे. म्हणूनच चित्रांच्या पैशाने वर्ग बांधू नयेत, शिक्षकांचे पगार देऊ नयेत. पण सरकारी मदतीच्या फटी कुठे असतात, हे कलेच्या विद्यार्थ्यांकडे पाहिले की दिसते. आपल्याकडे लाखो मुले शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देतात. त्यांतली थोडी पुढे मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयांत, सावर्डे, कोल्हापूर, पुणे इथल्या महाविद्यालयांत, किंवा गोव्याच्या कला महाविद्यालयात पोहोचतात. शासकीय महाविद्यालयाची फी एक वेळ झेपते. झेपत नाही ते सामान. चांगल्या रंगाची एक ट्यूब, मोठा कॅनव्हास, छापचित्राची जस्ताची प्लेट, अभ्याससहलीचा खर्च, शहरातले खोलीभाडे. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण खात्यात येता येता वर्ष सरते, आणि मधल्या काळात मूल स्वस्तातल्या पोस्टर कलरवर भागवते किंवा शिक्षण सोडून फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात लागते. ही फट भरायला फार मोठी रक्कम लागत नाही, ती वेळेवर लागते. समजा, २० लाखांचा निधी ६ टक्के व्याजाने ठेवला, तर वर्षाला १ लाख २० हजार मिळतात. त्यात दहा विद्यार्थ्यांना दरमहा हजार रुपयांचे सामान मिळू शकते, आणि मुद्दल शाबूत राहते. महागाईने त्याचे मोल घटत जाईल हे खरे, म्हणून त्यात दर वर्षी थोडी भर पडत राहिली पाहिजे. वार्षिक मेळा लागतो तो यासाठीच.

तिसरी शंका चित्रकारच खाजगीत बोलून दाखवतात. मदतीच्या लिलावात चित्र अर्ध्या किमतीला जाते, ती किंमत बाजारात फुटते आणि मग नेहमीचा ग्राहकही तेवढीच देऊ करतो. श्रीमंताला स्वस्तात चित्रही मिळते आणि दानशूर म्हणून फोटोही. या भीतीपोटी मग चित्रकार आपले दुय्यम काम देतात, ते कमी किमतीला जाते, आणि हे चक्र असेच फिरत राहते. हा दोष मोडण्याचे दोन उपाय वर आलेच आहेत. पोस्टकार्डासारखा वेगळा आकार आणि सर्वांची समान किंमत ठरवली की त्या किमतीचा चित्रकाराच्या बाजारभावाशी संबंधच उरत नाही. मोठे चित्र असेल तर चित्रकाराने सांगितलेल्या किमतीखाली ते विकायचे नाही, न खपल्यास सन्मानाने परत करायचे, असा नियम हवा. आणि हॉगार्थने केले तसे आपले सर्वोत्तम काम कोणी दिलेच, तर ते विकण्याची घाई न करता महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या भिंतीवर लावावे. शिकणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर रोज एक अस्सल चित्र असणे हेही शिक्षणच आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक कलाविद्यार्थ्यांच्या वाट्याला येतात ती पुस्तकातली किंवा मोबाइलवरची चित्रे.

राहिला प्रश्न पुढे चढणाऱ्या भावाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली ५३-अ हे कलम घातले गेले. मूळ चित्र, शिल्प किंवा हस्तलिखित १०,००० रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर कलावंताला किंवा त्याच्या वारसांना त्यातला वाटा मागता येतो. तो १० टक्क्यांहून अधिक नसावा एवढीच मर्यादा आहे. कलम चांगले आहे, पण व्यवहारात ते जवळजवळ निजलेलेच आहे, कारण चित्र कोणाकडून कोणाकडे गेले याची नोंद कोणीच ठेवत नाही. शिक्षणासाठी दिलेल्या चित्रांपासून ही नोंद सुरू करता येईल. विक्रीच्या वेळी घेणाऱ्याबरोबर एक पानी करार करावा: हे चित्र अमुक निधीसाठी विकले आहे, ते पुढे विकल्यास संस्थेला कळवले जाईल आणि ठरलेला वाटा त्याच निधीत जमा होईल. चित्राच्या मागे तशी चिठ्ठी लावावी, संस्थेने चित्रांची वही ठेवावी आणि किती जमले, किती ठेवीत गेले, किती मुलांच्या सामानावर खर्च झाले हे दर वर्षी देणाऱ्या चित्रकारांना लेखी कळवावे. मुलांची नावे आणि फोटो त्यात नसले तरी चालेल, नसावेतच. प्रदर्शनाची पत्रिका छापायला जाण्याआधी आयोजकांनी एवढा कागद तयार ठेवावा, आणि ठेवला नसेल तर चित्र देण्यापूर्वी चित्रकाराने तो मागून घ्यावा.